दगड वेचलेली जमीन : गायरानावरचा सौर प्रकल्प आणि चौदा घरांची वहिवाट

हे प्रकरण बीड जिल्ह्यातल्या, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावाचं आहे. गावाचं, माणसांचं, कंपनीचं नाव दिलेलं नाही. कुणाची ओळख पटू नये म्हणून घरांची संख्या आणि क्षेत्रं ढोबळ ठेवली आहेत. मी जमिनीच्या कागदांवर काम करणाऱ्या एका लहान स्थानिक गटात आहे आणि या प्रकरणात शेवटपर्यंत होतो. त्यामुळे हे लिखाण तटस्थ माणसाचं नाही. आमच्याकडून जे सुटलं तेही खाली आलं आहे.

पार्श्वभूमी

गाव दीडेक हजार वस्तीचं. मुख्य पिकं कापूस, तूर आणि बाजरी. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे ते थोडा कांदा, थोडा ऊस घेतात. बाकीची निम्मी वस्ती दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्याला जाते ती गुढीपाडव्याच्या आसपास परतते. गावाच्या दक्षिणेला एकशे दहा एकरांचा गायरानाचा गट आहे. त्यातला रस्त्याकडचा भाग सपाट. वरचा भाग म्हणजे खडकाळ उतार, त्यावर तरवड, बोरी-बाभळी आणि पावसाळ्यानंतर कुसळ.

सपाट भागातली अडतीस-चाळीस एकर जमीन चौदा कुटुंबं कसतात. मातंग आणि बौद्ध समाजाची बारा घरं, पारध्यांची दोन. कसायला सुरुवात केली ती आताच्या पिढीच्या आई-वडिलांनी, कुणी आजोबांनी. मराठवाड्यात हे एकाच गावात घडलेलं नाही. भूमिहीनांना पडीक सरकारी जमीन मिळावी ही मागणी इथे डॉ. आंबेडकरांच्या हयातीतच उभी राहिली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पुढे एकनाथ आव्हाड यांनी बीडमधूनच गायरान जमिनींच्या हक्काचा लढा गावोगाव नेला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची, भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करण्याची वाट मोकळी केली. या गावातल्या नऊ घरांनी त्यानुसार अर्ज केले होते. त्यावर ‘होय’ही आलं नाही आणि ‘नाही’ही आलं नाही. तीस वर्षं ते अर्ज कुठल्यातरी गठ्ठ्यात पडून होते.

दुसरी बाजू विजेची. राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. उपकेंद्राच्या जवळ छोटे सौर प्रकल्प उभारायचे आणि त्यांची वीज त्या भागातल्या शेतीपंपांना दिवसा द्यायची, अशी तिची रचना. खाजगी जमीन भाड्याने घेतली तर हेक्टरी किमान सव्वा लाख रुपये वर्षाला आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने मिळते, वर्षाला १ रुपया. प्रकल्प कुठल्या जमिनीकडे वळणार हे या दोन आकड्यांतच ठरून जातं. त्यात कुणाची लबाडी असावी लागत नाही. गायरानावर कुणी कसत असेल तर त्याची किंमत या हिशेबात धरलेलीच नसते, एवढंच.

सौर वीज मराठवाड्याला हवी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परळीचं औष्णिक केंद्र २०१३ साली पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. ज्या भागात प्यायला टँकर लागतो तिथे कोळशाची वीज पाणी मागते आणि आजूबाजूच्या गावांना राख देते. उन्हाच्या विजेला पॅनेल धुण्यापुरतंच पाणी लागतं. म्हणून पर्यावरण न्यायाचा प्रश्न इथे प्रकल्प हवा की नको असा नव्हताच. कोळशाकडून उन्हाकडे जाताना जागा कोण सोडणार, दिवसा वीज कुणाच्या मोटारीला मिळणार, आणि हे ठरत असताना गावात हजर कोण, असा तो प्रश्न होता.

अडचण

२०२३ च्या पावसाने दगा दिला. ३१ ऑक्टोबरला सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बीड जिल्ह्यातले तालुकेही होते. गायरानातली बाजरी गुडघ्याएवढी होऊन वाळली, तूर फुलावर येण्याआधीच गेली. चौदाच्या चौदा घरांनी मुकादमाकडून उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ मजुरी, घेतली आणि दिवाळीनंतर ट्रकमध्ये बसून ती घरं निघून गेली. घरी राहिले दोन म्हातारे आणि शाळेत जाणारी काही लेकरं.

डिसेंबरमध्ये महसूलची माणसं आणि कंपनीचा सर्वेक्षक आले. पंचनाम्यात लिहिलं गेलं : ‘सदर क्षेत्र पडीक आहे. पीक आढळून आले नाही. अतिक्रमण निरंक.’ पंच म्हणून गावातल्या दोघांच्या सह्या. त्या दिवशीच्या नजरेला पंचनामा खोटा नव्हता. पीक नव्हतंच, कारण दुष्काळ होता. माणसं नव्हती, कारण ऊसतोड होती. पण तलाठ्याच्या सज्जात गाव नमुना १-ई म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही असते. ती उघडली असती तर नऊ नावं तिथेच सापडली असती. ती कुणी उघडली नाही.

मार्चअखेर घरं परतू लागली तेव्हा शेतात लोखंडी खुणा रोवलेल्या होत्या. आम्हाला फोन आला तो एका मावशीच्या लेकाचा. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मावशीने पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. लुगड्याच्या घडीखाली खताच्या गोणीच्या आतल्या प्लास्टिकची एक पिशवी होती, सुतळीने बांधलेली. तिच्यात दंडाच्या पावत्या होत्या. कागद घडीवर फाटून चार तुकडे झालेला, जांभळा शिक्का अर्धा पुसलेला, पण साल वाचता येत होतं : १९८६. अतिक्रमण केलं म्हणून सरकारने दंड घेतला होता. ती दंडाची पावतीच आता तिच्या कसण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा होती. मावशीने ती चटईवर जुळवून ठेवली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला चार बांगड्या ठेवल्या.

मग ती आम्हाला शेतावर घेऊन गेली. बांधावर दगडांचे ढीग होते, कमरेएवढे उंच, एकामागे एक. ‘सायबाला हीच जमीन आवडली म्हणं,’ ती म्हणाली. ‘आवडंल न्हाई तर काय? आमच्या सासूनं निम्मं आयुष्य धोंडे येचले. उरलेलं आम्ही येचले. तवा ही पाट्यासारखी झाली.’

या प्रकरणाची गाठ मला त्या वाक्यात दिसली. नकाशावर ही जमीन सपाट आणि स्वच्छ दिसत होती, म्हणून ती प्रकल्पासाठी निवडली गेली. सपाट ती चाळीस वर्षांच्या हातांनी झाली होती, आणि ते हात कागदावर नव्हते.

तोवर आणखी एक गोष्ट होऊन गेली होती. कंपनीसाठी गावात काम बघणाऱ्या माणसाने दोन घरांकडून प्रतिज्ञापत्रांवर अंगठे घेतले होते. काही हजार रुपये हातात दिले आणि ते पिकाच्या नुकसानीपोटी आहेत, असं त्या घरांना सांगितलं गेलं. कागदावर त्याखाली एक ओळ होती : ‘आम्ही स्वखुशीने अतिक्रमण काढून घेत आहोत.’ त्यातली एक बाई विधवा, कारखान्यावरून येताना डोक्यावरची उचल फिटलेली नव्हती. तिने पैसे घेतले यात मला तिची चूक दिसत नाही.

समोर असलेले पर्याय

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सगळी घरं एकत्र बसवली. चार वाटा दिसत होत्या.

पहिली, कोर्टातून स्थगिती आणून प्रकल्प थांबवणं. आमच्या गटातल्या तरुणांना हेच हवं होतं. जोखीम अशी की २०२२ च्या अखेरीस राज्यभर गायरानावरच्या अतिक्रमणांना नोटिसा निघाल्या होत्या आणि प्रशासन त्याच मनःस्थितीत होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपालसिंग निकालाचा आधार घेऊन गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या कराव्यात असं सगळीकडे सांगितलं जातं. पण त्याच निकालात एक अपवाद आहे, तो फारसं कुणी वाचत नाही. शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा, म्हणजे जमीन कसायला दिल्याचा सरकारी कागद, दिलेला असेल, तर अशा अपवादात्मक प्रकरणी नियमितीकरण होऊ शकतं. आमच्या नऊ अर्जांचा धागा त्या अपवादापर्यंत पोचत होता. मात्र पट्टा अजून मिळालेला नव्हता, त्यामुळे धागा कच्चा होता. कोर्टात तो तुटला असता तर चौदाही घरं गेली असती.

दुसरी, नुकसानभरपाई वाढवून घेणं. काही घरांना ही वाट जवळची वाटत होती. उचल फेडायची होती, एका घरी मुलीचं लग्न होतं. आम्ही त्यांना थांबवलं नाही. फक्त एक गोष्ट तीन-तीनदा समजावून सांगितली : पैसे घेताना ‘स्वखुशीने काढले’ अशी सही झाली तर १९९१ चा दावा तिथेच संपतो.

तिसरी, प्रकल्पाची जागा हलवणं. त्याच गटातला वरचा उतार कुणी कसत नव्हतं. चौथी, प्रकल्पाचा काही भाग खाजगी जमिनीवर नेणं. ही चौथी वाट तेव्हा आम्ही फारशी मनावर घेतली नाही. कंपनी सव्वा लाखाचं भाडं का देईल, असा आमचा ग्रह होता.

पर्यायांच्या या यादीत एक मोठी उणीव होती आणि ती दाखवून दिली गावातल्याच एका मोटारवाल्या शेतकऱ्याने. सगळे त्यांना नाना म्हणतात. दहा एकर जमीन, विहीर, पाच अश्वशक्तीची मोटार. आम्ही त्यांना विरोधी बाजू समजत होतो. ते स्वतःच आमच्या बैठकीला येऊन कडेला उभे राहिले आणि म्हणाले, ‘तुमचं बरोबर हाय. पण आमचं बी ऐका. रात्री दारं धरायला निघालो की घरची जागीच राहती. मी येईस्तवर डोळा लागत न्हाई तिचा.’ २०२० साली आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली तेव्हापासून या पट्ट्यात रात्री दारं धरून पिकाला पाणी देण्याची भीती वेगळीच बसली आहे. त्याशिवाय साप, थंडी आणि ओल्या हाताने स्टार्टर दाबताना बसणारा शॉक आहेतच. दिवसा वीज ही नानांसाठी चैन नव्हती.

पण चौदा घरांपैकी एकाही घरी मोटार नव्हती. दिवसाची वीज ज्यांच्या विहिरीत जाणार होती त्यांचं एक गुंठाही जात नव्हतं. ज्यांची जमीन जाणार होती त्यांना त्या विजेचा एक तासही मिळणार नव्हता. दोन्ही बाजूंची गरज खरी होती. ती एका ठिकाणी बसून मांडली जात नव्हती, एवढंच आड येत होतं.

काय केलं

आधी कागद. माहिती अधिकारात गाव नमुना १-ईच्या जुन्या नकला आणि १९९१ च्या शासन निर्णयाखालच्या अर्जांची स्थिती मागितली. नकला आल्या तेव्हा नऊ नावं होतीच, शिवाय आणखी तीन घरांच्या नोंदी वडिलांच्या नावाने, वेगळ्या आडनावाच्या लेखनात सापडल्या. पारध्यांच्या दोन घरांचं नाव कुठेच नव्हतं. ती घरं बारा-पंधरा वर्षांपासून कसत होती, पण १९९० नंतर आलेली. त्यांच्याकडे ना पावती, ना नोंद.

मग जमीन. दोन मुलांनी मोबाइलवर जीपीएस लावून प्रत्येक घराचा तुकडा पायी फिरून मोजला. कंपनीच्या रेखांकनावर तो बसवला तेव्हा दिसलं, प्रस्तावित बावीस एकरांपैकी जवळजवळ सगळं क्षेत्र कसलेल्या जमिनीत होतं. मावशीच्या दगडांच्या ढिगांचे फोटो काढून जोडले. फेरपंचनाम्याचा अर्ज तहसीलला दिला. त्यात एकच मुद्दा पुढे ठेवला : पंचनामा ऊसतोडीच्या हंगामात, दुष्काळी वर्षात झाला, वहिवाटदार गावात नव्हते, आणि १-ई तपासली गेली नाही. कुणावरही आरोप केला नाही. हा निर्णय विचार करून घेतलेला होता. ज्यांनी डिसेंबरचा पंचनामा केला त्यांच्याकडेच फेरपंचनामा जाणार होता. त्यांना माघार घ्यायला सन्मानाची जागा हवी होती, आणि ‘हंगाम’ हे कारण ती जागा देत होतं. आमच्यातल्या काहींना हे नमतं घेणं वाटलं. मला आजही तो निर्णय बरोबर वाटतो.

ज्या दोन घरांनी अंगठे दिले होते त्यांनी वेगळा अर्ज दिला, की प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं गेलं नव्हतं. तो रेकॉर्डला लागला.

ग्रामसभा लोकसभा निवडणुकीच्या आचारसंहितेचं कारण सांगून पुढे ढकलली गेली. तो वेळ आमच्या पथ्यावर पडला. नानांना मध्यस्थ घालून मोटारवाले आणि गायरानवाले यांची एकत्र बैठक ठरवली. जागा ठरली मारुतीच्या पारावर. आदल्या दिवशी मावशी हळूच म्हणाली, ‘बाया पारावर न्हाई बसायच्या.’ कारण विचारायची गरज नव्हती. पार सगळ्यांसाठी खुला आहे असं आता कुणीही सांगेल, पण त्या बायका तिथे बसून तोंड उघडणार नाहीत हे आमच्यातल्या कुणाला तरी आधीच सुचायला हवं होतं. बैठक शाळेच्या व्हरांड्यात हलवली. त्या एका बदलाने नऊ बायका बोलल्या.

त्या बैठकीत चौथी वाट पुन्हा वर आली. एका शेतकऱ्याची उपकेंद्राच्या रस्त्याला लागून सहा एकर हलकी जमीन होती. दोन्ही मुलं पुण्यात, जमीन दोन वर्षांपासून पडून. तो म्हणाला, भाडं मिळत असेल तर माझी घ्या. हे आम्हाला महिनाभर आधी विचारता आलं असतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

कंपनीचा इंजिनिअर जून उजाडता उजाडता आला. वयाने लहान, स्वभावाने सरळ. त्याने मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडून दाखवलं. उन्हाळ्यातलं चित्र, सगळं तपकिरी. ‘यात तर काहीच दिसत नाही,’ तो म्हणाला. आम्ही त्याला चित्र बाजूला ठेवून बांधावरून चालायला लावलं. तिसऱ्या ढिगाशी तो थांबला आणि विचारलं, ‘हे सगळं हातानं?’ मग आम्ही त्याला वरचा उतार दाखवला. त्याने सांगितलं की उतार दक्षिणेकडे आहे ही चांगली गोष्ट आहे, पॅनेलच्या रांगांची सावली एकमेकांवर कमी पडते, त्या जवळ बसवता येतात. अडचण खडकाची. पाया घालायला ड्रिलिंग लागेल, मशीन आणि दिवस वाढतील. ‘पण होणार नाही असं नाही,’ असं म्हणून तो गेला. अभियंत्याचं ते एक वाक्य पुढे ग्रामसभेत आमच्या पंधरा अर्जांपेक्षा जास्त कामाला आलं.

आचारसंहिता उठल्यावर आधी महिला ग्रामसभा आणि नंतर मुख्य ग्रामसभा झाली. ठरावात प्रकल्पाला संमती दिली गेली, पण अटींसह. नोंद असलेल्या बारा घरांच्या वहिवाटीला हात लावायचा नाही. प्रकल्प वरच्या उतारावर आणि सहा एकर खाजगी जमिनीवर न्यायचा. पाझर तलावाकडे जाणारी जनावरांची वाट पंधरा फूट मोकळी ठेवायची. फेब्रुवारी ते जून पॅनेल धुवायला तलावाचं किंवा गावच्या विहिरीचं पाणी वापरायचं नाही. योजनेत ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षांत १५ लाख मिळायची तरतूद आहे, त्यातून जनावरांना पाणी प्यायला हाळ बांधायचा. नानांनी ठरावाला अनुमोदन दिलं.

काय झालं

फेरपंचनामा झाला. पाऊस पडला होता, बाजरी उगवली होती, माणसं बांधावर उभी होती. बारा घरांची वहिवाट कागदावर आली.

रेखांकन बदललं. बारा एकर उतारावर, सहा एकर खाजगी भाड्याच्या जमिनीवर. उरलेले चार एकर मात्र सपाटीवरच राहिले, कारण वर जाणारा रस्ता आणि ट्रान्सफॉर्मरचं आवार कुठेतरी असणं भाग होतं. ते चार एकर पारध्यांच्या दोन घरांचे होते.

हे कुणी ठरवून केलं नाही. ज्यांची नोंद होती त्यांच्याभोवती ठरावाने कुंपण घातलं, आणि ज्यांची नव्हती ती जागा रिकामी उरली. ठरावातली ‘नोंद असलेल्या बारा घरांच्या’ ही ओळ लिहिली गेली तेव्हा मी तिथे बसलो होतो. ओळ भक्कम व्हावी म्हणून ‘नोंद असलेल्या’ हे शब्द मीच सुचवले होते. डिसेंबरच्या पंचनाम्याने चौदा घरांना जे केलं, तेच त्या शब्दांनी दोन घरांना केलं. पारध्याच्या घरातला कर्ता माणूस ग्रामसभेत मागे उभा होता. तो काही बोलला नाही. आम्हीही त्याला पुढे बोलावलं नाही.

त्या दोनपैकी एका घरातल्या मुलाला प्रकल्पावर राखणदारीचं काम मिळालं, ठेकेदारामार्फत, नेमणुकीचा कागद नाही. दुसरं घर गावातच आहे, पण कसायला जमीन नाही.

वीज सुरू झाली. नाना आता दिवसा दारं धरतात. त्यांची घरची मला रस्त्यात भेटली तेव्हा हसून एवढंच म्हणाली, ‘झोप येती बघा आता.’ ज्या शेतकऱ्याने सहा एकर दिले त्याला भाडं मिळायला लागलं. मावशीने यंदा तुरीत मटकी घेतली.

जनावरांची वाट ठेवली गेली, पण तारेच्या कुंपणाला वळसा घालून. शेळ्या घेऊन जाणाऱ्या बायकांना आता तलावापर्यंत जास्त चालावं लागतं. शिवाय पावसाळ्यानंतर दोन महिने या उतारावर चारायला येणारे मेंढपाळ गावचे नाहीत, त्यामुळे ते ग्रामसभेत नव्हते. त्यांना कुणी विचारलं नाही. ‘उतार कुणी कसत नाही’ हे आमचं वाक्य खरं होतं, पण तो वापरात नव्हता असं नाही.

पाण्याची अटही अर्धवटच पाळली गेली. गावचं पाणी वापरलं जात नाही. उन्हाळ्यात टँकर येतो, शेजारच्या गावातल्या एका विहिरीवरून. आमच्या ठरावाने तहान एका शिवारातून दुसऱ्या शिवारात ढकलली, हे मान्य करावं लागेल.

आणि मूळ दुखणं तसंच आहे. १९९१ च्या शासन निर्णयाखालचे नऊ अर्ज पुन्हा हलवले, ते वर गेले आहेत. अजून पट्टे नाहीत. कुंपण आलं नाही म्हणून जमीन वाचली, नाव लागलं म्हणून नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी तारीख. ऊसतोडीच्या गावात नोव्हेंबर ते मार्च या काळात झालेला कुठलाही पंचनामा, मोजणी किंवा हरकतींची मुदत ही अर्ध्या गावाच्या गैरहजेरीत झालेली असते. आता आम्ही आमच्या भागातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला दिवाळीआधी एक साधं पत्र देतो : या काळात गायरानाची पाहणी ठेवू नका, ठेवलीच तर यादीतल्या घरांना फोनने कळवा. यादीत मोबाइल नंबर आणि कारखान्याचं नाव असतं. हे पत्र २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गेलं असतं तर पुढचे आठ महिने वाचले असते. सौर योजना गावोगाव येत आहे हे तेव्हा आम्हाला माहीत होतं. आम्ही तिच्याकडे विजेचा विषय म्हणून पाहत होतो, जमिनीचा म्हणून पाहिलंच नाही.

मोटारवाल्यांकडे आम्ही उशिरा गेलो. नाना स्वतः चालत आले म्हणून जमलं. ते आले नसते तर आम्ही गाव दोन तटांत पाडून कोर्टात गेलो असतो, असं मला आता स्पष्ट दिसतं. सहा एकरांची जमीनही तशीच निघाली असती किंवा राहिली असती, कुणी विचारतं का यावर.

नोंद नसलेल्यांचं काय, हा प्रश्न मी सर्वांत जास्त वेळा मनात घोळवला आहे. आम्ही कागदावर भर दिला कारण अधिकाऱ्यांना कागद कळतो. पण कागद नसणं म्हणजे वहिवाट नसणं नव्हे. पारध्यांच्या घरांसाठी शाळेतला दाखला, मतदार यादी, शेजारच्या बांधकऱ्यांचे जबाब, बी-बियाणं उधार देणाऱ्या दुकानदाराची वही, यांतून निदान बारा वर्षांचं कसणं उभं करता आलं असतं. १९९० ची अट ते पुरी करत नव्हते, त्यामुळे मालकी मिळाली नसती. पण रस्ता आणि आवार दुसरीकडे सरकवावं एवढी ताकद त्या जबाबांत होती. खाजगी सहा एकरांच्या कडेने रस्ता नेणं शक्य होतं, हे इंजिनिअरने नंतर मला सांगितलं. ‘तेव्हा कुणी म्हणालं असतं तर,’ असं तो म्हणाला.

ठरावातली भाषा मी आता वेगळी लिहितो. ‘नोंद असलेल्या’ ऐवजी ‘प्रत्यक्ष कसणाऱ्या व वापर करणाऱ्या सर्व कुटुंबांच्या’. यावर अधिकारी हरकत घेतात, वाद वाढतो, दोन बैठका जास्त लागतात.

पारध्यांच्या दोन्ही घरांचा अर्ज गेल्या पावसाळ्यात दिला आहे. पर्यायी जागेसाठी, त्याच गटातल्या सपाटीच्या उरलेल्या पट्टीत. त्याला बारा घरांपैकी अकरा घरांच्या कर्त्या माणसांचे जबाब जोडले आहेत, मावशीचा अंगठा पहिला. बाराव्या घराने सही दिली नाही, त्यांची हद्द त्या पट्टीला लागून आहे. सुनावणीची तारीख मिळाली ती दिवाळीनंतरची. दोन्ही घरांनी उचल घेतलेली आहे, ट्रक दिवाळीच्या चौथ्या दिवशी निघतो. तारीख अलीकडे घ्यावी म्हणून परवा तहसीलला अर्ज देऊन आलो.